मेस्त्रींनी निवडलेलं गेज

डेपोत चाळीस गाड्या होत्या, आणि त्यातली कुठली फाटकातून आत शिरली हे मेस्त्री पाठमोरे उभे राहून सांगायचे. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची शीळ प्रत्येक गाडीची वेगळी. "गाडीचं सगळं ऐकू येतं, माझं तेवढं मेलं येत नाही," असं बायको म्हणायची. आता ती नव्हती. दोन वर्षांपूर्वी डेपोही बंद पडला, आणि मेस्त्रींचे कान दगा देऊ लागले. ते मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

लेकीने जुनी टर्बो गाडी घेतली. चढावर ती गाडी धापा टाकायची.

"बाबा, शीळ नीट आहे का हो?"

मेस्त्रींनी बॉनेटखाली वाकून मान डोलावली. "ठीक आहे की."

"तरी दाब दाखवणारं एक गेज बसवू. मला कुठे तुमच्यासारखा कान आहे!"

दुकानदाराने रंगीबेरंगी दिव्यांचं महागडं गेज पुढे केलं.

"गाडीत काय नाटक लावायचंय?" म्हणत मेस्त्रींनी काट्याची स्वस्तातली तीन मागितली. चार बारपर्यंत दाबाचे आकडे असलेलं लगेच परत केलं. "हिची धाव जेमतेम एक बारची. काटा कोपऱ्यातच घुटमळेल, वाचणार काय?" उरलेली दोन शेजारच्या हवावाल्याच्या कंप्रेसरला लावून पाहिली. तापलेल्या रबराचा वास आला आणि सकाळचा डेपो त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. हवा सोडल्यावर एकाचा काटा शून्यावर येईना. दुसऱ्याचा निमूट आला. तेच घेतलं.

गेज बसवून दोघं चढाला लागले. काटा अर्ध्या बारवरच अडला.

"शिळेबरोबर फुसफुसही येतेय," लेक म्हणाली. "बाबा, खरंच नाही ऐकू आली?"

मेस्त्री खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डेपो बंद झाला ना, तेव्हापासूनच."

"मला ठाऊक होतं. फोनवर काहीही विचारलं तरी तुम्ही 'हो हो' म्हणता!"

मेस्त्रींना हसू फुटलं. गाडी थांबवायला लावून त्यांनी बॉनेट उघडलं आणि टर्बोच्या हवेच्या पाइपावरून बोटं फिरवली. क्लिपपाशी चीर होती. पाइप बदलला, आणि पुन्हा चढ घेताना काटा सरळ एकवर गेला.

परतताना लेक सपाटीच्या रस्त्याला वळू लागली.

"चढाचीच वाट घे," मेस्त्री काट्यावरची नजर न हलवता म्हणाले.