दोन हद्दींतलं स्वयंपाकघर

माणसं घर घेताना पाणी बघतात, शेजार बघतात, शाळा किती लांब ते विचारतात. आमचे हे घरपट्टी विचारत. दोन वर्षं दर रविवारी मला सायकलवर मागे बसवून यांनी नाशिकच्या चारी बाजूंचे प्लॉट पाहिले. प्लॉट नगरपालिकेच्या हद्दीत आहे असं कळलं की हे सायकलवरून उतरतसुद्धा नसत. "म्हणजे घर आपलं आणि भाडं त्यांना," असं म्हणून पुढे निघत.

मला नळ हवा होता. तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो. तिथे बारा बिऱ्हाडांना एक नळ होता आणि मला पुढे घुसता येत नसल्याने माझा नंबर नेहमी तेरावा लागायचा. स्वतःचं घर म्हणजे स्वतःचा नळ, एवढंच माझ्या मनात होतं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची मला सवय नव्हती.

मग पंचवटीच्या पुढे, द्राक्षांचे मळे सुरू होतात तिथे एक प्लॉट निघाला. विकणारे शेतकरी बाबा सरळ होते. म्हणाले, "साहेब, लपवत नाय. थोडा वांधा हाय. नगरपालिकेची हद्द प्लॉटच्या मधूनच जाती. पुढचं निम्मं शहरात, मागचं निम्मं पंचायतीत. म्हणून कोणी घेत नाय."

यांचा चेहरा असा उजळला की आपण भाव फारच कमी सांगितला, असं बाबांना वाटलं असणार.

आम्ही दोन खोल्या बांधल्या, एक पुढे, एक मागे. पंचायतीचा माणूस आला की हे सांगत, आम्ही शहरातले. नगरपालिकेचा कारकून आला की आम्ही गावातले. पहिलं वर्ष असं निभावलं. दुसऱ्या वर्षी दोघे एकाच सकाळी टेप घेऊन आले. आमच्या ओट्यावर बसून तासभर भांडले, दोनदा चहा प्यायले आणि शेवटी त्यांचं ठरलं, स्वयंपाक ज्या खोलीत होतो तिकडची घरपट्टी. हे सगळ्याला मान डोलावत होते. मला वाटलं, सुटलं एकदाचं.

दोघे गेल्यावर हे मला म्हणाले, "अगं, स्टोव्ह तर उचलता येतो ना?"

तेव्हापासून आमचं स्वयंपाकघर वर्षातून दोनदा गाव बदलू लागलं. पंचायतीचा माणूस होळीनंतर येई. त्याआधी स्टोव्ह, भांड्यांची मांडणी, डबे, पाटा-वरवंटा सगळं मी पुढच्या खोलीत आणायचं. नगरपालिकेचा कारकून दिवाळीनंतर येई. तेव्हा पलंग पुढे आणि बाकी सगळं मागे. हे कशाला हात लावत नसत, पण लक्ष बारीक असे. "मिठाची बरणी राहिली बघ," असं दारातून सांगत.

कचेरीत यांना फार मान मिळू लागला. बरोबरचे कारकून रविवारी देवदर्शनाला यावं तसे आमचं घर बघायला येत. एकाने विचारलं, "आणि पाण्याचं काय?"

"दोन्हीकडचं आहे," हे म्हणाले.

ते खोटं नव्हतं. मी दोन्हीकडून आणत होते. रस्त्यापलीकडच्या सरकारी नळावर बायका म्हणत, "तुमची पट्टी पंचायतीत ना, बाई? मग पाणी पण तिकडचंच भरा." पंचायतीच्या विहिरीवर गेलं की, "ही तर शहरातली. हिला कशाला गं विहीर? शहरात घरोघर नळ राहत्यात." मग सगळ्या हसत. सगळ्यांचं भरून होईपर्यंत मी बाजूला उभी राहायची. आमच्या मागच्या मळ्यात द्राक्षांच्या वेलींना मोटारीचं पाणी सुटायचं. त्या वेलींचा मला हेवा वाटे.

समोर एक मास्तरीणबाई राहत. त्यांच्याकडे नळ होता. एकदा त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीही अर्ज करा की. फक्त घरपट्टीची पावती लावावी लागते. त्याशिवाय अर्ज घेत नाहीत." त्या दिवशी मला कळलं की दर दिवाळीला मी स्टोव्ह नाही, माझा नळच उचलून मागे नेत होते.

पुढच्या दिवाळीनंतर हे कामावर निघताना बजावून गेले, "आज-उद्या येईल तो. सगळं मागे ने."

मी नेलं नाही. पुढच्याच खोलीत भाकरी करत बसले. दुपारी कारकून आला. मी उठले नाही.

"गेल्या वर्षी इथं पलंग होता ना, बाई?"

मी मान डोलावली.

"म्हणजे स्वयंपाक आता इथं?"

पुन्हा मान डोलावली.

"कायमचा?"

याला मान पुरली नसती. मी म्हणाले, "हो. इथंच."

त्याने लिहून घेतलं, खोल्या मोजल्या आणि गेला.

संध्याकाळी यांनी स्टोव्ह पुढेच पाहिला. "कोणी आलं होतं?"

"हो."

"मग? काय सांगितलंस?"

"मी भाकरी करत होते."

हे पलंगापर्यंत गेले आणि बसले. पुढे घरपट्टीच्या मागणीचा कागद आला, तेव्हा तीन संध्याकाळी बसून यांनी हरकतीचा अर्ज लिहिला. मला वाचून दाखवला, "सदर खोलीत होणारा स्वयंपाक हा तात्पुरत्या स्वरूपाचा असून..." मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी आता स्टोव्ह हलवणार नाही." लग्नाला दहा वर्षं झाली होती. मी नाही म्हणते हे यांनी कधी ऐकलं नव्हतं. आधी यांनी मला ताप आलाय का ते पाहिलं. अर्ज मग खिशातच राहिला आणि घरपट्टी भरली गेली. नळाचा फॉर्म मास्तरीणबाईंनी भरून दिला. सही माझी.

काही वर्षांनी महानगरपालिका झाली आणि हद्द मळ्यांच्याही पार पुढे गेली. आता हे येईल त्याला सांगतात, "मी आधीच ओळखलं होतं. म्हणून तर घर शहरात लावून घेतलं." लोक माना डोलावतात. मीही डोलावते. नळ मी स्वयंपाकघरात, भिंतीतच बसवून घेतला आहे. तो उचलून मागे नेता येत नाही.