वरच्या कडेचे पाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर मुळीच नाही. तुला सांगतोय — का, ते विचारू नकोस.

जुन्या टीव्ही गेमचे व्हिडिओ करायचा मला नाद आहे, हे तुला माहीतच आहे. मस्कतच्या उन्हात शुक्रवारी दुपारी जाणार तरी कुठे? मग अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये एसी लावून लहानपणीचा कन्सोल काढून बसतो. मध्ये एक छोटा कॅप्चर बॉक्स जोडला की खेळ थेट लॅपटॉपवर रेकॉर्ड होतो. आता यात एक गंमत आहे — गंमत कसली डोंबलाची! जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड झाकायचे. हा बॉक्स काहीच झाकत नाही.

आमच्या किल्ल्याच्या गेममध्ये वरच्या कडेला दोन पाय आहेत. लोंबकळणारे. नुसते पाय, वर अंग नाही.

कारण साधं आहे. पुढे येणारा राक्षस गेम आधीच तिथे, चित्राच्या वर, आणून ठेवतो; पाय तेवढे खाली डोकावतात. मला ठाऊक आहे रे! तरी भर दुपारी अंगावर काटा आला — मी खेळाडूला जिकडे नेत होतो, तिकडे ते पायही सरकत होते.

आणि ते मी पहिल्यांदा बघत नव्हतो.

लहानपणी आम्ही इथेच, मस्कतच्या रुवी भागात राहायचो. तिथल्या टीव्हीच्या मागे एक स्क्रू होता. तो फिरवला की चित्र आकसायचं, झाकलेली कड उघडी पडायची आणि पाय दिसायचे. मी अकरा वर्षांचा, माझी बहीण वैजू सहा. खेळायचा तिचा नंबर आला की मी मागे हात घालून हळूच स्क्रू फिरवायचो. ती किंचाळून पळायची. नंबर माझा! आई-बाबा धावत येईपर्यंत चित्र पुन्हा होतं तसं. कुठे काय आहे? मीही म्हणायचो — काही नाही, हिला भास होतात. किती सहज म्हणायचो.

वैजू झोपेना. छताकडे बोट दाखवून रडायची, अंथरूण ओलं करायची. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी बाबांनी तिला पुण्याला आत्याकडे ठेवलं, हवापालट म्हणून. ती तिथेच वाढली. पहिल्या सुट्टीत आली आणि आत्याच्या मुलांचं ऐकून आईला 'मामी' म्हणाली. आई हसली. मग ओट्याकडे तोंड करून रडली. तेव्हा तरी बोलायला नको होतं मी? नाही बोललो. गेम आता पूर्ण माझा होता आणि — खोटं कशाला सांगू — मला बरं वाटत होतं.

वैजू आजही तोंडावरून पांघरूण घेऊन झोपते. तिच्या नवऱ्याला ते गमतीचं वाटतं.

परवा तिचा फोन आला. "दादा, तो किल्ल्याचा गेम पाठव ना. तिथे खरंच काही होतं का रे? एकदा बघायचंय मला."

तोच व्हिडिओ लॅपटॉपवर उघडा होता. पाय माझ्यासमोर होते.

व्हिडिओच्या कडा सगळेच कापतात. मीही कापली — वरची एक बारीक पट्टी. मग पाठवला.

तिने पुन्हा पुन्हा पाहिला असावा. खूप वेळाने लिहिलं, "खरंच काही नाही रे. म्हणजे माझंच डोकं फिरलं होतं. उगाच त्रास दिला आई-बाबांना."

मी तिला अंगठा पाठवला.