चिकाचं दूध

पनवेलच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि राग कायम नाकावर. मिडवाइफची परीक्षा नुकती पास झालेली, अंगावर पांढरं पातळ, हातात कातडी बॅग आणि डोक्यात एकच खूळ, की या भागातल्या बायकांना आता मी शहाण्या करून सोडणार! बायका मला 'घाटावरची बाय' म्हणायच्या. तोंडावर गोड बोलायच्या, पाठ वळली की हसायच्या. त्याचाही मला राग यायचा.

दवाखान्यात येऊन बाळंत होणाऱ्या तेव्हा थोड्याच. म्हणून आम्हीच गावोगाव जायचं. उरणच्या रस्त्याला एस.टी.तून उतरलं की पुढे मिठागरांच्या बांधावरून चालत, चपला हातात घेऊन, नाहीतर त्या चिखलातच राहायच्या. अशाच एका घरी मी चार महिने जात होते. घरात सासू, तिचा मुलगा आणि सून. मुलगा भातशेती बघायचा आणि हंगामात मिठागरावर जायचा. सुनेची ही तिसरी खेप होती. आधीची दोन्ही मुलं गेलेली. एक आठव्या दिवशी, दुसरं सव्वा महिना पुरा व्हायच्या आत, दोन्ही हगवणीने. सून तोंडातून अवाक्षर काढायची नाही. तिला काही विचारलं की ती सासूकडे बघायची आणि उत्तर सासू द्यायची.

सासू मात्र खमकी. तिने अंगणातून हाक मारली की पलीकडच्या शेतातला माणूस मान वर करायचा. एकदा मी निघाले तेव्हा बांधापर्यंत माझ्याबरोबर आली आणि म्हणाली, "दोन पोरा गेली, बाय. आता या खेपेला तुमी बगा. मना ह्या पोर जगलेला पायजे." आणि माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. त्या दिवसापासून ते न जन्मलेलं मूल मला माझंच वाटायला लागलं. ते जगलं पाहिजे, बस्स. दुसरं काही मला सुचत नव्हतं.

मार्गशीर्षात, खळ्यावर भाताची झोडणी चालू असताना, सकाळी उन्हं वर आल्यावर मुलगा झाला. बाळंतपण सुरळीत झालं. मूल मात्र अगदीच बारीक, जेमतेम साडेचार पौंड. रडलं तेही मांजराच्या पिल्लाएवढं. मी त्याला पुसलं, मऊ धडुत्यात गुंडाळलं आणि सुनेला म्हटलं, "घे गं, लाव छातीशी."

"नाय!" सासू मधेच आली. "तीन दीस नाय पाजायचा. पयला दूद कच्चा. चीक असतो तो. पोराला बादतो."

असं म्हणून तिने माझ्यादेखत सुनेच्या छातीतले ते पिवळे, दाट थेंब फडक्यावर पिळून काढले आणि फडकं परसात नेऊन राखेत टाकलं. गुळाचं पाणी तयारच होतं. त्यात कापसाचा बोळा बुडवून तिने पोराच्या ओठांना लावला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो मावशी, हे काय करताय? त्या पोराला जे पाहिजे तेच नेमकं राखेत टाकताय! काय हा अडाणीपणा!"

सासूने बोळा वाटीत ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बाय, तुमाला पोरा किती?"

मला कुठली पोरं! लग्नच नव्हतं झालं. ती कुत्सितपणे म्हणाली नव्हती, खरंच विचारत होती. पण मला असं झोंबलं म्हणता! बॅग उचलली आणि तडक निघाले. बांधावर कोणी नाही बघून मनसोक्त रडले. त्या बाईला चार शिव्या घातल्या आणि स्वतःला आठ. बोलले ते खरं, पण त्याने पोराच्या पोटात एक थेंबही गेला नाही, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पाय निघत नव्हता, तरी गेले. पोर मलूल पडलं होतं. चिमटा काढावा तेव्हा कुठे हूं करायचं. बोळ्याच्या वाटीवर माश्या घोंघावत होत्या. सून भिंतीकडे तोंड करून निजलेली, चोळी ओली झालेली. मी तोंड घट्ट मिटून पोराची नाडी बघितली. बाहेर ओटीवर आले तर सासूने पाट मांडला होता आणि पुढ्यात बशी. बशीत खरवस, वेलदोडा घातलेला. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांची म्हैस व्याली होती. रुसून गेलेल्या माणसाला असं परत बोलवायचं, ही तिची रीत असावी. "खा बाय. रागात घोटभर चाय पन नाय घेतलाव काल."

इथे मी काही हुशारी केली असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं काही नव्हतं. मी भुकेली होते, चिडलेली होते आणि गोठ्यातलं पारडू समोर धडपडत उभं राहत होतं. म्हणून नुसतं खेकसले, "सगळा चीक काढून खरवस केलात वाटतं! त्या पारडाला काय ठेवलंत?"

सासू भडकली. "आमी काय कसाई हाव? पयला पारडाला पाजतो, पोट भरून, मंगच काडतो. अगो बाय, चीक नाय पोटात गेला त पारडू उबा कसा ऱ्हाईल? तीन दिसांत मरंल ना त्या!"

बोलून झालं आणि ती थांबली. खरवसाचा घास हातातच राहिला. तिचा चेहरा मी डोळ्यांसमोर बघत होते. आधी राग होता, मग काही नव्हतं, मग ती खोलीच्या दाराकडे बघायला लागली. मला बोलायची फार उबळ आली होती, पण देवाने कशी कोण जाणे त्या दिवशी माझी जीभ धरली.

ती उठली, आत गेली. सुनेच्या उशाशी बसून तिला उठवून बसवलं, पाठीला घोंगडीची गुंडाळी लावली आणि म्हणाली, "पाज गो त्याला."

सून घाबरून माझ्याकडे बघायला लागली. पोराला तर ओढायचंही बळ नव्हतं. मी हात धुतले, सुनेच्या हाताखाली हात दिला, थेंब थेंब पिळून त्याच्या जिभेवर सोडायला लागले. तासभर नुसतं ओघळून जात होतं. सासू पदराने त्याची हनुवटी पुसत होती. दुपार उलटून गेल्यावर केव्हातरी त्याच्या गालाला खळगा पडला. त्याने ओढलं! एकदा, मग परत. "लागला गो, लागला!" सासू ओरडली आणि मी चक्क त्या खमक्या बाईच्या गळ्यात पडले.

पुढे नोकरीत मला कळलं की पहिलं दूध फेकायची ही समजूत काही पनवेलचीच नाही, दूरदूरच्या देशांतल्या बायकाही असंच करत आल्या आहेत. त्यानंतर मी कितीतरी घरांत गेले आणि 'अडाणी' हा शब्द कोणाही आईपुढे काढला नाही. आधी विचारायचे, तुमची म्हैस व्याली की काय करता?

पण ते सगळं नंतर. तेव्हा मी आठवड्यातून दोनदा जाऊन पोराला फडक्यात घालून ताणकाट्याला लटकवत होते. पाच पौंड झाला. साडेपाच झाला. त्याचं दुसरं भावंड ज्या दिवशी गेलं होतं तो दिवस मागे पडला आणि सव्वा महिनाही उलटला. त्यानंतर मी गेले तेव्हा सून अंगणात उन्हाला बसून त्याला पाजत होती. मी खुशीत होते, काटा बाहेर काढत होते. सासू जवळ येऊन उकिडवी बसली.

"बाय, येक इचारू? खरा सांगा."

"विचारा की."

"ती दोन पोरा…" ती आपल्या तळव्यांकडे बघत होती. "त्यांचा दूद पन मीच पिलून टाकला. मंग ती माज्या हातान गेली का?"

पहिल्या दिवशी हेच मी तिच्या तोंडावर फेकायला निघाले होते. अगदी तयार होतं माझ्याजवळ. आता ती स्वतःहून मागत होती आणि मला ते देववेना. शेवटी म्हटलं, "मी तेव्हा नव्हते हो, मावशी. मला नाही सांगता यायचं." ते खरंही होतं. पण ती काही फसणारी बाई नव्हती. तिने मान हलवली आणि तशीच बसून राहिली.

तेव्हा सून बोलली. इतक्या महिन्यांत तिचा आवाज मी नीट ऐकलाच नव्हता.

"आये, त्यांना तुमीच मांडीव घेऊन बसलाव. दोन दोन दीस जेवलाव नाय. मी बगत होती ना." तिने पोराला छातीपासून हलकेच सोडवलं आणि सासूकडे केलं. "धरा याला. माजा हात दुकतो."

सासूने हात पुढे केले. पोराला घेतलं, पदर त्याच्या डोक्यावरून ओढला आणि त्याच्यावर वाकून ती मोठमोठ्याने रडायला लागली. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. त्या दिवशी मी वजन केलं नाही.