सॅन्टनने भरलेल्या दर्जा

चर्चच्या कुंपणाला हात लावायचा तो सॅन्टन गवंड्याच्या घरानंच, असं तीन पिढ्या चाललेलं. आज्यानं काळे दगड घडवून भिंत रचली, वर लोखंडी गज रोवून बुडाशी शिसं ओतलं. बापानं जन्मभर दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, चुन्यानं भरल्या. सॅन्टननं अठ्ठ्याहत्तर साली चुना मळायच्या घाणीला रामराम ठोकला आणि सिमेंट आणलं. दर्जा भरल्या, शिवाय फाटकाच्या खांबांच्या पोटातही पातळ करून ओतलं. सणाला फादरांनी त्याचं नाव घेतलं. त्याची बायको इझाबेल ते अजून माहेरी सांगते.

दोन हजार एक साली रस्ता रुंद व्हायची नोटीस आली. सोमवारपर्यंत कुंपण बारा फूट आत घ्या, नाहीतर पाडायला मशीन येईल. चर्चच्या कमिटीतला व्हिन्सेंट म्हणाला, "नवीन बांधू ब्लॉकचं." सॅन्टन उठला. "एक दगड वाया जायचा नाय. नंबर घालतो, सोडवतो, तसाच उभा करतो."

गुरुवारी गज काढले. ब्लोलॅम्पच्या आचेनं आज्याचं शिसं पाघळलं आणि गज पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखे सुटले. शुक्रवारी फाटकाच्या खांबाला छन्नी लावली. सिमेंटची दर्ज जागची हलली नाही, दगडाचं तोंडच उडालं. दुसऱ्याचंही तेच. दुपारपर्यंत सोडवलेल्या अकरा दगडांतले पाच फुटले.

मागे क्रूसाआड हातभर भिंत अठ्ठ्याहत्तर साली सिमेंटाविना राहून गेली होती, बापाच्या चुन्याची. सॅन्टननं तिथं पहार टेकवली. दगड अलगद हातात आला. सॅन्टननं त्याच्या कडेचा चुना अंगठ्यानं चोळला, भुगा होऊन गळला.

"सॅन्टनकाका, काम पक्कं हाय हां तुमचं," व्हिन्सेंट म्हणाला. "तुम्हालाच तुटत नाय."

"जरा हळू करून बघा," फादर म्हणाले.

"हळूच करतोय, फादर. मीच कोंबलंय ते. निघंल कसं?"

इझाबेल पेज घेऊन आली. फुटके दगड बघून तिनं डबा खाली ठेवला. "चला घरी. दोन घास खावा."

"आलो."

पण तो गेला नाही. गवतावर गज ओळीनं पडले होते, एकूण एक शाबूत. सॅन्टन उकिडवा बसला, सातव्या दगडाचे दोन तुकडे जवळ ओढले आणि खडूनं दोन्हींवर सात नंबर घातला.