कपाटाची जागा

मोबाईलच्या गेममध्ये मला लांब वीट मिळत नव्हती, यात हिराकाकूंच्या मुलीच्या लग्नाचा काहीही दोष नाही.

हे आधीच सांगितलेलं बरं. कारण त्या दिवशी झालेल्या घोळाची आमच्या राहनाळ गावात जी जी कारणं दिली जातात (टेम्पो, ट्रॅफिक, माझा मराठवाडा), त्यांतलं एकही खरं नाही.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली, गावात काही जमेना, म्हणून इथं गोदामात माल भरायच्या कामाला आलो. हिराकाकू आणि बाळारामकाकांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. भाड्यानं म्हणायचं आपलं, पण ताप आला की काकू तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन दारात उभ्या. ("खा गप. तुजी आय लांब हाय.") त्यामुळे या घरानं काही काम सांगितलं की माझी छाती फुगते.

आता वीट. माझ्या फोनवर तेव्हा एक गेम होता. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या खाली फट न ठेवता बसवायच्या. हुशार माणूस कडेला एक उभी फट मुद्दाम राखतो आणि लांब विटेची वाट बघतो. ती आली की चार ओळी एका फटक्यात साफ. मी हुशार माणूस. मी वाट बघायचो. वाकडी वीट यायची, चौकोनी यायची, मग पुन्हा वाकडी, मग तिची सख्खी बहीण. मी मेलो की नव्या डावात पहिलीच वीट लांब!

गोदामातल्या सुपरवायझरसाहेबांना मी एकदा विचारलं.

"साहेब, या विटा कोण पाठवतं?"

"कोणी नाही रे. रँडम असतं ते."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी ठरवत नाही. कधी काहीही येतं."

कुणी ठरवत नाही, तर नेमकं माझ्याच फटीच्या वेळी कसं ठरतं? माझा संशय असा, की शाळा सोडलेला माणूस फोनला बोटावरून कळतो.

तर लग्न. काकूंची दर्शना काल्हेरला नव्या बिल्डिंगमध्ये द्यायची होती. लग्नाचा हॉल मानकोलीला. काकूंचा हट्ट एकच: पोरीनं सासरी पाऊल ठेवायच्या आधी तिच्या संसाराचं सामान तिथं लागलेलं पाहिजे.

"सासू दारान उभी आन् घर रिकामा, आसा नको मना. गजा, टेम्पो तू भर. तुज्यासारका कोनाला जमनार न्हाय."

एवढा मान मला गोदामात पाच वर्षांत मिळाला नव्हता. मी टेम्पोत चढलो.

गोदामात माल कसा, एकसारखे खोके. इथं जो तो हाताला लागेल ते उचलून आणत होता. आधी कुकर. मग गादी. मग रुखवतातलं लाडवांचं देऊळ. मग पुन्हा कुकर (दुसरा). मग मिक्सर, मग तांब्याचा हंडा. मी ओळखलं, हे रँडम आहे. पण खचलो नाही. लोखंडी कपाट यायचंच होतं, कपाटाशिवाय संसार कुठं असतो? उजव्या कडेला बरोबर कपाटाएवढी उभी फट राखली आणि बाकी सगळं छतापर्यंत चपखल रचलं.

टेम्पोवाले इरफानभाई बघत होते. "गजाभाई, ये जगह किसके लिए?"

"कपाट येतंय."

"कब?"

"येईल."

सामान आणणारे एकेक करून हॉलवर निघून गेले. घराला कुलूप लागलं. मी फटीशेजारी उभाच. काकांचा फोन आला, "निगाला का टेम्पो?" मी म्हटलं, "निघालाच." कपाट कुठाय, हे विचारायची हिंमत झाली नाही. एवढंही ठाऊक नाही, असं त्यांना वाटलं असतं ना!

दुपार कलली, तेव्हा कुठं इरफानभाईंनी गाडी चालू केली. पहिल्याच वळणावर सगळा संसार फटीकडे झुकला. देऊळ कलंडायला लागलं, तसा मी उडी मारून फटीत उभा राहिलो. पाठ टेम्पोला, छाती गादीला, खांद्यावर मिक्सर. पुढच्या गतिरोधकाला हंडा डोक्यावर येऊन बसला. मापात बसला.

काल्हेरच्या अलीकडे ट्रेलरांच्या रांगेत अडकलो. शेजारून फुलांची गाडी हळूच सरकत आली. आत दर्शना रडत होती. तिनं मान वर केली, हंड्याखालचा मी दिसलो, आणि तिचं रडं जागच्या जागी थांबलं. मग ती गाडी पुढं निघून गेली. आमच्या आधी.

आम्ही पोचलो तेव्हा, हे मला नंतर कळलं, नवरी वर शेजाऱ्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. अख्ख्या घरात एकच वस्तू होती, भिंतीला लावलेलं कोरं लोखंडी कपाट. दर्शनाच्या मामानं ते सकाळीच दुकानातून परस्पर पाठवलेलं.

सासूबाई खाली टेम्पोजवळ आल्या. मला खालपासून हंड्यापर्यंत न्याहाळलं. "ह्यो पन सामानान हाय काय?"

"अम्मा, इसको सबसे आखिर में निकालना," इरफानभाई म्हणाले. "पहले निकाला तो सब गिरेगा."

मला शेवटी काढलं.

मग सासूबाईंनी काकूंना फोन लावला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. मी मनातल्या मनात हिंगोलीची एसटी पकडली होती. तिकडून काकूंचा आवाज आला, "इनबाय, पोराला बोलू नका. कपाट परस्पर गेलाय, ता मीच त्याला सांगाला इसरले. चूक माजी."

काकू विसरल्या नव्हत्या. सकाळी आठ वाजता, हळदीच्या हातांनी, माझ्या दारात उभं राहून त्यांनी नीट सांगितलं होतं, "कपाट मामा देनार हाय, त्याची वाट बघू नको." मी मान वर न करता "हो काकू" म्हणालो होतो. फोनमध्ये तेव्हा माझी फट राखून झाली होती.

घरी आलो तर काकू एवढंच म्हणाल्या, "जेवलास काय?"

गेम मी त्याच दिवशी काढून टाकला. आता फोनवर पत्ते लावायचा गेम खेळतो, त्यानं डोकं शांत राहतं. काकूंपुढं जाऊन कबूल करायचं, हेही पक्कं ठरवलंय. हातातला डाव सुटला की लगेच उठणार आहे. फक्त चौकटचा एक्का यायचाय. आठ महिने झाले, येतच नाहीये.