परातीतला मंगळ

पितृपक्षात आमच्या डोंबिवलीतल्या, कोपरच्या सोसायटीचा हॉल हमखास रिकामा असतो. ना साखरपुडा, ना बारसं. त्यामुळे ज्येष्ठ नागरिक कट्ट्याची व्याख्यानं त्याच पंधरवड्यात उरकतात. यंदा माझा नंबर लागला. आयुष्यभर नौपाड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर घरात ऐकणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे मी तयारच होतो. विषय ठेवला, 'आज मंगळ, उद्या आपण?'

रिकाम्या हातांनी बोलणं मला जमत नाही. शेजारच्या इमारतीच्या कामावरून विटांचा चुरा आणला, त्यात लाल माती मिसळली, मोठ्या परातीत पसरून गच्चीवर वाळवली आणि हॉलमध्ये मंगळ मांडला. बोटाने सुकलेल्या नद्या काढल्या. इथेही कधीकाळी पाणी वाहत होतं, मग हवा विरत गेली, पाणी गेलं, उरला हा धुरळा, असं म्हणत शेवटी मूठभर माती उधळली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या आजोबांना खोकल्याची उबळ आली, तेवढंच काय ते गालबोट.

माझी लेक मात्र टाळ्या वाजवत नव्हती. बाळंतपणासाठी ती नुकतीच माहेरी आलेली. घरी जेवताना ताट बाजूला सारून म्हणाली, "बाबा, असंच होणार असेल तर बाळाला आणायचं तरी कशाला?"

मी चपापलो. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. मंगळ लहान, त्याला हवा धरून ठेवता आली नाही, त्यालाही युगं लागली. पृथ्वीचं तसं नाही. आपल्याला धोका आहे तो आपल्याच उद्योगांचा, आणि तो आवरता येतो.

"येतो हो, पण आवरणार कोण?" एवढं विचारून ती उठली. त्यानंतर बाळाच्या कपड्यांच्या पिशवीकडे ती फिरकली नाही आणि मला घास गोड लागेना.

घटस्थापनेच्या सकाळी देवघरात डोकावलो. घट बसला होता आणि त्याच्याभोवतीची माती ओळखीची होती.

"अगं, हा मंगळ आहे!"

"माती आहे ती," बायको म्हणाली. "बाजारातून आणा म्हणून कितीदा सांगितलं! भाषणाच्या नादात तुम्हाला कुठलं ऐकू येतंय? विटांचे तुकडे निवडले आणि धान्य पेरलं."

"त्यात काही उगवणार नाही."

"पाणी घातलं की उगवेल."

पाणी घालायचं काम तिने लेकीवर सोपवलं. लेक आधी नाइलाजाने वाटीभर पाणी शिंपडायची आणि निघून जायची. मग एका सकाळी तिची हाक आली, "बाबा, लवकर या!"

लाल चुऱ्यातून गव्हाचे फिकट कोंब वर आले होते. मी तोंड उघडलं. यावरून मंगळाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हे सांगणं माझं कर्तव्यच होतं. पण बायकोने असं काही पाहिलं, की मी मुकाट्याने चहा मागितला.

दसऱ्याला घट उठला. लेकीने प्रथेप्रमाणे कोंबांची जुडी माझ्या कानावर खोवली आणि बाळाच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन घड्या घालत बसली. मी उरलेली माती कुंडीत ओतायला निघालो, तशी म्हणाली, "मला माहितीये बाबा, ही माती डोंबिवलीचीच आहे. पण टाकू नका हां. पुढच्या वर्षी पाणी घालायला अजून एक जण असेल."