छावणीत माणसं राहत नाहीत

त्या दुष्काळात धारूरच्या घाटाखाली एका दूध संस्थेनं जनावरांची छावणी उघडली होती. तालुक्याची आरोग्य अधिकारी म्हणून मी तिथे गेले पाणी तपासायला, आणि परतले ती डोकं तापवून घेऊन. जनावरांना सावली, कानात पिवळे बिल्ले, एक दिवसाआड पेंड आणि रोज सकाळी पशुवैद्य. माझी ह्यातल्या कशालाच हरकत नव्हती. पण त्याच जनावरांच्या मागे पाचटाच्या खोपटांत बायाबापड्या महिनोन्‌महिने राहत होत्या, आणि तिकडे साधी नर्ससुद्धा फिरकत नव्हती.

बीडच्या आढावा बैठकीत मी हा प्रश्न काढला. छावणी महसूल आणि पशुसंवर्धनाचा विषय आहे, असं मला समजावण्यात आलं. छावणीत माणसं राहत नाहीत, ती आपापल्या गावात असतात आणि तिथे आशाताई आहेच. खरं तर ती बिचारी गावातल्या घरांची कुलपं बघून परत येत होती. "चला, मी दाखवते कोण राहतं ते," असं मी म्हणाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, चहा आला आणि विषय तिथेच संपला.

छावणीच्या पुढच्या फेरीत मला एक बाई भेटली. आठवा महिना, पाय सुजलेले, तोंडावर सूज. रक्तदाब पाहिला, तो भलताच चढलेला. एवढ्या रक्तदाबात बाईला झटके येतात, बाळ हाती लागत नाही. मी तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता जीपमध्ये बस.

ती बैलांची दावी धरून तशीच उभी. "सांजच्याला गिनती हाय, मॅडम. दाव्यापाशी घरचं माणूस न्हाई दिसलं तर छावणीतनं नाव काढतेत. मालक ऊस तोडायला गेलेत, सासू गावात टँकरपाशी."

शेजारीण म्हणाली, मी राहते उभी. छावणीचा व्यवस्थापक लगेच मध्ये पडला. "चालत न्हाई. लोक एकमेकाची जनावरं दाखवतेत, म्हणून तर नियम केलाय."

मी संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला. आवाज अगदी साखरेत घोळलेला. "गिनती झाली की लगीच पाठवतो, मॅडम. तुमी काळजी करू नका." मी भांडले, आवाज चढवला, सासूला निरोप धाडला. बाई जागची हलेना. बैल गेले तर घर बसलं, एवढंच तिला दिसत होतं, आणि तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. जवळची गोळी तिला दिली आणि तिच्याशेजारी दगडावर बसून राहिले. सासू यायच्या आधी गिनतीवाले आले. त्यांनी बिल्ले तपासले, शिंगं पाहिली, एका बैलाच्या खुराला जखम होती ती वाकून पाहिली. दावं धरलेल्या बाईच्या सुजलेल्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही.

घाट चढतानाच जीपमध्ये तिला झटका आला. अंबाजोगाईला पोचलो तेव्हा बाळ पोटातच गेलेलं होतं. ती वाचली.

त्यानंतरच्या बैठकीत मी खाली बसलेच नाही. कोण काय म्हणेल, बदली कुठे होईल, सगळं गेलं खड्ड्यात. शेवटी हुकूम निघाला: दर आठवड्याला पशुवैद्याच्या गाडीतूनच नर्सनं छावणीत जायचं, आणि आजारी माणसाच्या जागी शेजारी गिनतीला उभा राहिला तरी चालेल. चहा संपायच्या आत होण्यासारखं काम. त्यासाठी एक बाळ जावं लागलं, ह्याची चीड अजून माझ्या मनातून जात नाही.

पाऊस झाल्यावर छावणी उठली. समारोपाला मलाही बोलावून शाल आणि नारळ दिला. ती समोरच होती, बैल घरी न्यायला आलेली. अध्यक्ष माईकपाशी गेले. "एवढा दुष्काळ पडला, पण आपल्या छावणीत एक बी जीव दगावला न्हाई." टाळ्या पडल्या. तिनं मान खाली घातली आणि दावं मनगटाला गुंडाळत राहिली.

मी उठले, शाल खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, "एक दगावला."

अध्यक्ष जरा गोंधळले. मग समजूत काढल्यासारखे हसले.

"मॅडम, आमी जनावरांचं बोलतोय."